ओल्या हाताची मूठ

माझ्याकडे येणारी पोरं आधी काठीच पुढं करतात. पूल खेळायच्या काठीच्या मागच्या, जाड भागावर, जिथं हात धरायचा तिथं काय गुंडाळायचं, एवढ्यावर माझं दुकान चालतं. चामडं चांगलं का रबर का दोरा, असं ती विचारतात. मी म्हणते, काठी ठेव बाजूला, हात दाखव. त्यांना वाटतं, बाई भविष्यही बघते. हसत हसत तळहात उघडतात. कुणाचा कोरडा खडखडीत असतो, कुणाचा बोटांच्या मुळाशी जाड झालेला. क्वचित एखादा माझ्यासारखा निघतो, आत्ता पुसला तरी पुन्हा दमट. तो पोरगा लाजून हात मागं घेतो आणि त्याला मी चहा पाजते. त्या लाजेशी माझी जुनी ओळख आहे.

आमचं घर सुरतेत, लिंबायतला होतं. दोन खोल्या, पुढं जेमतेम खाट मावेल एवढा ओटा, आणि मागच्या भिंतीला भिंत लावून लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर भिंतीतून खटाखट ऐकू यायची. फळीवरची पितळेची भांडी तिच्या तालावर बारीक थरथरायची. आठवड्यातून एकदा वीज बंद असायची. त्या दिवशी सगळी गल्ली उगाच अस्वस्थ असायची, कुणाला धड झोप लागायची नाही. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते त्याच खात्यात मास्टर होते. मागावर सगळी उमर गेल्यामुळं त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, आणि ज्याला ऐकू कमी येतं त्याला सगळं जगच बहिरं वाटतं. त्यामुळं नाना बोलायचे ते ओरडून. मीठ मागितलं तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं. नवीन भाडेकरू आले की पहिला महिनाभर माझ्या मायची कीव करायचे. नाना कानात सांगायचं म्हणून काही बोलले तर ते कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत जायचं.

माय घरी साड्यांना लेस लावायची. बाजारातून गठ्ठे यायचे, ती दुपारचं आवरलं की उंबऱ्यापाशी उजेडात बसायची आणि मांडीवरून साडी सरसर पुढं सरकवत टाके घालायची. गल्लीतल्या सगळ्या पोरी आपापल्या आयांच्या शेजारी तेच करत. मी मात्र नाही. माझ्या तळहातांना घाम यायचा. थंडीत, पंख्याखाली, झोपेतसुद्धा. परीक्षेत पेपराखाली रुमाल ठेवावा लागायचा. एकदा पिस्त्याच्या रंगाच्या साडीवर माझ्या बोटांचे डाग पडले. आधी ओले वाटले, वाळल्यावर पिवळट उठले, आणि व्यापाऱ्यानं ती साडी परत पाठवली. माय रागावली नाही. तिनं शांतपणे माझ्या पुढ्यातला गठ्ठा ओढून घेतला आणि म्हणाली, “उषे, तुना हात वल्ला शेतस. तू भाकरीकडे देख.” हात ओले असले तर भाकरीला उलट चांगलेच, हे तिचं म्हणणं. आणि खरंच, कळण्याची भाकरी माझ्यासारखी गल्लीत कुणाला जमत नसे. आता डॉक्टरांकडे या घामाला लांबलचक नाव आहे. तेव्हा ते आमच्या घरात ‘उषाचे हात’ एवढंच होतं.

तर मी स्वयंपाक करायचे आणि कॉलेज सुटल्यावर भास्करमामाचा डबा पोचवायचे. भास्करमामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. नानांनी त्याला अमळनेरहून बोलावून खात्यात लावला होता. त्यानं काही दिवस काढले आणि सरळ सांगितलं की या आवाजात मला माझं नावही आठवत नाही. नानांना हे फार लागलं होतं. मामा मग उधन्याकडे एका दुकानांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या पूल पार्लरमध्ये मॅनेजर झाला. मॅनेजर म्हणजे कुलूप उघडण्यापासून टेबल झाडण्यापर्यंत सगळं तोच. पण शर्ट इस्त्रीचा, खिशात कंगवा, आणि गिऱ्हाइकांशी अर्धं हिंदी अर्धं गुजराती. घरात त्याच्या कामाबद्दल कुणी नीट बोलत नसे. मायसुद्धा ‘भाऊ हॉटेलात शे’ असं सांगून टाकायची.

मी पहिल्यांदा ते जिने चढून वर गेले तेव्हा मला काय आवडलं असेल तर शांतता. खाली साड्यांचे पार्सल फेकल्याचे आवाज, हातगाड्या, हॉर्न. आणि वर हिरव्या कापडाची तीन टेबलं दिव्याखाली गप्प पडलेली. दुपारी पोरं नसायची. मामा डबा खायला बसला की मी एकटीच गोळे मांडून ठोकायचे. एक गोळा दुसऱ्याला लागल्याचा तो स्वच्छ ‘टक’, मग थोडी वाट, मग जाळीत पडल्याचा आवाज. आमच्या घरी कुठलाच आवाज असा एकटा ऐकू आला नव्हता. मामा घास तोंडात धरून बघायचा. वांग्याचं भरीत संपलं की उठून यायचा आणि खांदा इथं, हनुवटी खाली, असं दाखवायचा. थोड्याच महिन्यांत तो माझ्याशी हरायला लागला. आधी मुद्दाम हरतोय असं दाखवायचा, मग ते सोडून दिलं. संध्याकाळची पोरं कधी लवकर आली तर भिंतीला टेकून बघत. मालक किरीटभाईंनी आधी नाक मुरडलं, पण मला बघायला म्हणून टेबलं लवकर भरतात हे लक्षात आल्यावर ते मला ‘बेन’ म्हणू लागले.

अडचण एकच. पार्लरच्या काठ्या मागं गुळगुळीत पॉलिशच्या होत्या. मागच्या हाताची पकड सैल लागते. भाकरी थापताना पीठ जेवढ्या बेतानं धरतो तेवढीच, त्याहून जास्त नाही. माझा ओला हात त्या पॉलिशला आधी चिकटायचा, आणि ऐन ठोक्याला सटकायचा. चिकटू नये म्हणून पावडर लावली तर तिचा चिखल व्हायचा. दर ठोक्याआधी मी ओढणीला हात पुसायचे, आणि ओढणीची ती बाजू कायम चुरगळलेली असायची.

कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. नानांच्या चुलतभावानं ब्लाउजपीसचं दुकान काढलं आणि गल्ल्यावर बसायला घरचं माणूस हवं म्हणून माझं नाव घेतलं. आणि अठवा भागातल्या एका क्लबात राज्याच्या स्पर्धेसाठी मुलींची निवड होणार असं मामाला कळलं. मामा घरी आला, नानांच्या शेजारी खाटेवर बसला आणि त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगू लागला. मी काय खेळते, कुठं खेळते, किती बरं खेळते. हे गुपित आम्ही नानांपासून जपलं होतं अशातला भाग नाही; त्यांनी विचारलंच नव्हतं. पण आता ते नानांबरोबर सगळ्या गल्लीला कळलं. नानांनी बिडी विझवली. मग मला म्हणाले, “एकदाव खेळी ले. हारी गयी तं दुकानवर बसशी.” ओरडूनच म्हणाले, पण त्यात राग नव्हता. त्यांच्या हिशेबानं हा अगदी सरळ सौदा होता. मला मात्र गल्ल्यावरच्या कापडांना माझे हात लागणार हे तेव्हाच दिसत होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात मुठीचा विषय सुरू झाला. मामानं पार्लरमधली एक टोक गेलेली जुनी काठी मागून घेतली, नवं टोक बसवलं, आणि ती माझी झाली. तिच्या मागच्या बाजूला काय गुंडाळायचं यावर सुरतेत मत नसलेला माणूस मिळणं कठीण. इथं प्रत्येकजण कापडावर किंवा धाग्यावर जगतो. शेजारच्या कोकिळाबेननी सायकलच्या ट्यूबचं रबर सुचवलं. ते मी चढवलं. पकड एकदम घट्ट, इतकी की काठी पुढं जाईना, आणि दिवसअखेर तळवा काळा. क्रिकेटच्या बॅटचं रबर आणलं, त्यात घाम आतल्या आत साचून वास येऊ लागला. नानांनी काही न बोलता खात्यातून नायलॉनच्या धाग्याचा एक उरलेला कोन आणून दिला. नायलॉन म्हणजे आमचं अन्न. मी फार मनापासून तो गुंडाळला. पण नायलॉन पाणी पीत नाही. माझा घाम त्याच्यावरून पन्हाळीतून वाहावा तसा वाहिला. मायनं कुठल्याशा लेसची उरलेली जर दिली. जरीची मूठ दिव्याखाली नवरीसारखी चमकायची, मामा हसून हसून खुर्चीत बसला, आणि माझ्या बोटांवर ओरखडे उठले. सुती दोरा त्यातल्या त्यात बरा. घाम पिऊन घ्यायचा. पण पिऊन पिऊन फुगायचा, त्याला लव सुटायची आणि चार दिवसांत तो सैल होऊन गोल फिरायला लागायचा.

मग एके दिवशी मामानं काठी दोन दिवसांसाठी नेली आणि आणून माझ्या हातात ठेवली. त्यानं लेथवर काठीला हात धरायच्या जागी उथळ खाच पाडून घेतली होती आणि त्या खाचेत तांबूस, मऊ, बारीक दाण्याचं चामडं बसवलं होतं. चामडं आणि लाकूड यांच्यामधून नख फिरवलं तरी अडखळत नव्हतं. एवढी देखणी वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मामानं ते बघितलं. इथंच सगळं अवघड झालं, कारण त्या चामड्याशी माझं पहिले काही दिवसच पटलं. पावसाळा सरत आला, भादव्याचं ऊन सुरू झालं, आणि चामडं माझ्या हाताखाली आधी मऊ, मग बुळबुळीत होऊ लागलं. सोपे गोळे चुकायला लागले. मामाला वाटलं, मी घाबरलेय. तो मला धीर द्यायचा, आणि तो धीर देत असताना मी त्याला चामड्याबद्दल कसं सांगणार? एकदा सुरुवात केली, “मामा, ही मूठ जरा...” तर तो म्हणाला, “नवीन आहे ना बेटा, हाताला बसेल. चामडं हाताला बसायला वेळ घेतं.” आणि इतक्या आनंदानं म्हणाला की मी नुसता खडू घासला आणि पुन्हा वाकले.

दोरा मला भागळकडे मिळाला, शोधायला गेले नसताना. कॉलेजची जर्नल बांधून घ्यायची होती. बाइंडरच्या दुकानात एक म्हातारे काका पानं शिवत बसले होते. मी पैसे द्यायला हात पुढं केला तो चुकून त्या दोऱ्याच्या लडीवर टेकला. उचलला तर हात कोरडा. मी पुन्हा टेकला. काका वर बघून म्हणाले, “अळसीनो दोरो छे.” अळशी म्हणजे आपलं जवस. मी एक लड मागून घेतली. घरी दाखवली तर माय विचारात पडली. जवसाची चटणी ती दर आठवड्याला कुटायची, त्याच झाडाच्या देठातून असा दोरा निघतो यावर तिचा विश्वास बसेना. खरंखोटं करायला मी तो दोरा मायच्या लाटण्याला गुंडाळला आणि दोन दिवस लाटणं हातात घेऊन घरभर फिरले. अभ्यास करताना लाटणं, पाणी भरताना लाटणं. कोकिळाबेननी मायला बाजूला घेऊन विचारलं की पोरगी ठीक आहे ना. त्या दोन दिवसांत आमच्याकडे पोळ्या बाटलीनं लाटल्या. पण दोरा घाम पीत होता, फुगत नव्हता, आणि हाताला धरून ठेवत नव्हता. हवा होता तसाच.

निवडीच्या आदल्या दिवशी मामा सकाळीच क्लबात गेला. तिथली टेबलं समतल करायला त्याला बोलावलं होतं, आणि तो रात्री तिथंच राहणार होता. मी काठीकडे बघत बसले. मायनं भांडी घासता घासता विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती हात धुऊन आली, चामड्यावरून अंगठा फिरवला, माझा तळहात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “भाऊले मी समजाडसू. हात तुना शे.” एवढंच. भावाला मी समजावीन, हात तुझा आहे. कुठलं कापड घ्यायचं, कुठल्या कॉलेजात जायचं, कधी माहेरी जायचं, यातलं काहीही मला किंवा तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघींनी कोमट पाण्याच्या फडक्यानं चामडं अलगद सोडवलं, न फाडता. मग तिनं काठी मांडीवर आडवी धरून हळूहळू फिरवली आणि मी ताणून दोरा सोडत गेले, एका वेढ्याला चिकटून दुसरा. मामाच्या खाचेत तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच पाडली होती. वरून भाताची पेज चोळली आणि काचेच्या बाटलीनं दाबून दाबून गुळगुळीत केला. दुपारी वाळल्यावर मायनं हात फिरवला आणि हसली. लेस लावताना ती कधी हसत नसे.

दुसऱ्या दिवशी क्लबात मामा भेटला खरा, पण पळत. कुठं खडू नव्हता, कुठं दिवा लागत नव्हता. मी म्हटलं, “मामा, एक सांगायचंय,” तर तो म्हणाला, “खेळून झाल्यावर,” आणि गेला. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मायच्या शेजारी भिंतीकडच्या खुर्चीवर ताठ बसले होते. त्या गार, गालिच्याच्या खोलीत माणसं एकमेकांशी नुसत्या भुवयांनी बोलत होती आणि नानांना ते फार विचित्र वाटत असावं. मुली आम्ही थोड्याच होतो. माझा शेवटचा सामना हेतलशी लागला. हेतल अडाजणची, तिच्याकडे परदेशातून आणलेली काठी होती, पण बोलायला मोकळी. माझा ओला हात हातात घेतल्यावर तिनं आपला हात न पुसताच काठीवर ठेवला, हे मला अजून आठवतं.

आम्ही बरोबरीनं खेळलो. मग असं झालं की माझे सगळे गोळे संपले आणि फक्त काळा राहिला. तो घातला की मी जिंकणार; चुकला तर हेतलचेही दोनच उरले होते, आणि ती चुकणारी नव्हती. मी वाकले. खोलीत पंख्याचासुद्धा आवाज नव्हता. आणि त्या शांततेत नाना मायच्या कानात म्हणाले, म्हणजे त्यांच्या समजुतीनं कानातच, “हाऊ चामडा नही शे. दोरा शे दोरा.”

इतक्या लांबून त्यांना तो दोरा दिसला होता. सगळी उमर धाग्याकडे बघण्यात गेलेली. सगळी खोली त्यांच्याकडे वळली. पंचानं बोट ओठांवर ठेवलं. मी सरळ उभी राहिले, कारण माझ्या समोरच्याच भिंतीशी मामा उभा होता आणि तो माझ्या हाताकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन उतरलं. मला वाटलं, आता काळा गोळा गेला काय आणि राहिला काय. खेळाच्या मध्ये बोलायचं नसतं, हे त्यानंच मला शिकवलं होतं. तरी मी बोलले.

“मामा, चामड्यावर माझा हात ठरत नाही.”

पंच काही म्हणणार तेवढ्यात मामानं आपला उजवा हात वर केला, पंजा उघडा, जणू पंचाला थांबवतोय. मग त्यानं तोच हात खाली आणून शर्टाला पुसला, मी दर ठोक्याआधी पुसते तसा. त्याला त्या क्षणी माझं ते सगळं आठवलं असावं: ओढणी, पावडर, चुकलेले सोपे गोळे. “मग ज्याच्यावर ठरतो त्याच्यावर खेळ,” तो म्हणाला.

मी पुन्हा वाकले. हात कोरडा नव्हता, तो कधीच नसतो. पण काठी त्या हातातून गेली ती बरोबर जितकी जायला हवी तितकीच. टक. मग थोडी वाट. मग जाळी.

मामा रुसला नाही असं मी सांगणार नाही. दोन दिवस डब्यातली भाजी चांगली झाली की नाही हे त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मायनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं माझी काठी मागून घेतली, मूठ दिव्यासमोर धरून फिरवून बघितली, आणि विचारलं, खाच बरोबर खोल आहे ना. मी म्हटलं, खाच तुम्ही केली नसती तर दोरा बसलाच नसता. हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्याला कळत होतं. पुढं हेतलनं तिच्या काठीला तसाच दोरा मागितला, मग तिच्या ओळखीतल्या दोघांनी, आणि मी न ठरवता या कामाला लागले. वडोदऱ्याला राज्याच्या स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरले. त्याचं वाईट वाटायला मला वेळ झाला नाही, परत येताना दोन काठ्या गुंडाळायला बरोबर होत्या.

पण त्या दिवसाबद्दल सांगत होते. क्लबातून बाहेर आल्यावर आम्ही चौघांनी कोपऱ्यावर चणाडाळीचा वाफाळता लोचो खाल्ला. माय मामाच्या द्रोणात जास्तीची शेव घालत होती. मग तो टेबलं आवरायला परत गेला आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो. काठी उभी धरायला जागा नव्हती म्हणून ती आडवी, आमच्या मांड्यांवर. नाना बाहेर बघत होते. आपल्या बोलण्यानं खोली वळली हे त्यांना कळलं होतं का, मला कधीच समजलं नाही. रिंग रोडला सिग्नलवर रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी न बघता हात खाली नेला आणि दोऱ्यावर ठेवला. अंगठा वेढ्यांवरून सावकाश फिरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“पुढला खेळ कोठे शे?” त्यांनी विचारलं. शेजारच्या रिक्षातली माणसं आमच्याकडे बघू लागली.

मायनं ओरडून सांगितलं, वडोदऱ्याला.

नानांनी मान डोलावली. मग म्हणाले, “मंग माले सुटी लेनी पडी.”